बजावलेलं बोलावणं

इंग्रजी भाषेशी माझं व्यक्तिशः वैर नाही. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. मर्कंटाईल लॉ हा विषय मी इंग्रजीतून आणि दोनदा शिकलोय, कारण पहिल्या खेपेला परीक्षकांचं आणि माझं जमलं नाही. पुढे बँकेत चिकटलो. बावीस वर्षं 'प्लीज साइन हिअर' या एका वाक्यावर काढली. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पगाराचा आकडा पाहिला की कारकून असल्याची खात्री पुन्हा पटते, ते सोडा. सांगायचं एवढंच, की इंग्रजीचं मीठ मी खाल्लेलं आहे.

पण त्या भाषेतल्या एका क्रियापदाशी माझं उभं वैर आहे. ते क्रियापद म्हणजे 'समन'. बोलावणे. बोलावून घेणे. हजर हो म्हणून सांगणे. आपल्याकडे ते 'समन्स' या नावाने राहतं, आणि ज्याच्या दारात जातं त्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही.

तुम्ही म्हणाल, बोलावणंच ते, त्यात एवढं काय? तर आधी बोलावणं म्हणजे काय ते बघू. माणसाला बोलावण्याच्या बाबतीत मराठी माणूस दरिद्री नाही. जेवायला बोलावलं तर ते आवतण. लग्नाला बोलावलं तर अक्षत, आणि तीही पहिली गणपतीला. शेतात लांब असलेल्याला घालतात ती हाळी, जवळच्याला हाक, फारच जवळच्याला साद. हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन शेजारची फ्रॉकवाली पोर यायची आणि दारातूनच एका दमात सगळं सांगून पुढच्या दाराकडे पळायची. सासरी असलेल्या लेकीला माहेरी आणायला माणूस जायचा, त्याला तर स्वतंत्र नाव होतं: मुऱ्हाळी. नुसत्या चिठ्ठीवर लेक येत नसे, घरचं कुणीतरी न्यायला जावं लागे. हॉटेलातल्या पोऱ्यासाठी 'शुक् शुक्' होतं आणि नवऱ्यासाठी 'अहो, ऐकलंत का' होतं. (हे दुसरं बोलावणं आहे की समन्स, यावर मतभेद आहेत. आमच्या घरी ते समन्स आहे.)

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. बोलावणारा कोण आणि कशासाठी बोलावतोय, हे पहिल्या वाक्यात कळत होतं. 'आमच्याकडे सत्यनारायण आहे, संध्याकाळी तीर्थप्रसादाला या.' झालं. हे ऐकून कुणाच्या छातीत धस्स झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता 'समन'कडे वळू. या शब्दाचं मूळ शोधलं तेव्हा मला धक्काच बसला. शब्द लॅटिन. 'सब' म्हणजे खाली, आडून, हळूच; आणि 'मोनेरे' म्हणजे आठवण देणे, सावध करणे. म्हणजे मुळात अर्थ काय, तर कानाशी लागून हळूच आठवण करून देणे! याच 'मोनेरे'पासून वर्गातला मॉनिटर आला. आणि रोममध्ये मोनेटा नावाची देवी होती, सावध करणारी देवी असा तिचा अर्थ रोमन लोक लावत. तिच्या देवळाशी टाकसाळ होती म्हणून 'मनी' हा शब्द तिच्या नावावरून आला. म्हणजे आमची बँक आणि कोर्टाचं समन्स ही लांबची का होईना, भावंडं निघाली. मर्कंटाईल लॉच्या पुस्तकात हे लिहिलं असतं तर मी एका खेपेत पास झालो असतो.

हळूच आठवण देण्याची ही पद्धत आमच्या शाखेत अजून जिवंत आहे. आमचे शिपाई टेबलाशी येतात, जरा वाकतात आणि म्हणतात, 'साहेबांनी आठवण काढलीय.' लॅटिनचा एक शब्द न शिकता या गृहस्थांनी त्या क्रियापदाचं जसंच्या तसं मराठी केलंय. चूक माझी असेल तर ते 'जरा' हा शब्द वाढवतात: 'साहेबांनी जरा आठवण काढलीय.' त्या 'जरा'वरून मी ओळखतो की कुठलं व्हाउचर सापडलं असेल. केबिनपर्यंतच्या पंधरा पावलांत मनाची तयारी होते. याला म्हणतात बोलावणं.

कोर्टकचेरीत मात्र या शब्दाचं वेगळंच झालं. आपण इंग्रजांकडून त्यांचं क्रियापद घेतलं नाही, नाम घेतलं. 'समन्स'मधला शेवटचा 'स' अनेकवचनाचा नाही. तो जुन्या फ्रेंचमधून तसाच चिकटून आलाय. समन्स एकच असलं तरी समन्सच. पण क्रियापद असतं तेव्हा कर्ता असतो. अमक्याने तमक्याला समन केलं, म्हणजे कुणीतरी बोलावलं. मराठीत कोण बोलावतं? कुणीच नाही. 'समन्स निघालं.' जसं वादळ निघतं, साथ निघते, तसं. मग ते 'बजावलं' जातं. आणि 'बजावणे' म्हणजे मराठीत काय? 'पोराला बजावलंय, पुन्हा झाडावर चढलास तर तंगडं मोडीन!' लॅटिनातलं हळूच सावध करणं आपल्या दारात पोचेपर्यंत तंगड्यावर आलेलं असतं.

मला स्वतःला समन्स आलं ते २०१६ साली. गुन्हा काय, तर एका न वटलेल्या चेकच्या रिटर्न मेमोवर माझी सही होती. ज्याचा चेक परत गेला त्याने निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली फिर्याद केली होती. खरं तर बँकेचा मेमो हजर केला की चेक परत गेला असं कोर्टाने गृहीत धरायचं, अशी सोय त्याच कायद्यात २००३ पासून आहे. तरी साक्षीदार म्हणून मी हवा होतो. माझी बदली झाली होती, म्हणून कागद घरच्या पत्त्यावर आला. घरी एकटी आई. दारात हवालदार.

हवालदार सज्जन होते. त्यांनी विचारलं, 'घरात पुरुष माणूस कुणी?' आई म्हणाली, 'मी आहे की. द्या इकडे, सही करते.' हवालदार म्हणाले, 'तसं चालत नाही, मावशी.' आणि खरंच चालत नव्हतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९७३ च्या कायद्यात, ज्याचं समन्स तो सापडला नाही तर ते कुटुंबातल्या प्रौढ पुरुषाकडे देता येत असे. बाईकडे नाही. माझ्या आईने पोस्टाच्या खिडकीत तीस वर्षं लोकांची रजिस्टरं हाताळली, गावातल्या अर्ध्या पुरुषांना सही कुठे करायची ते शिकवलं. आणि स्वतःच्या मुलाचा कागद घ्यायला ती अपात्र! ही तरतूद आता गेली आहे. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात 'पुरुष' हा शब्द काढून नुसता कुटुंबातला प्रौढ सदस्य ठेवलाय. चांगलं झालं. आईपर्यंत पोचायला उशीर झाला, एवढंच.

हवालदार संध्याकाळी पुन्हा आले. त्यामुळे सकाळी ज्यांचं बघायचं राहून गेलं होतं त्यांचीही सोय झाली. तळमजल्यावरच्या काकूंनी माझ्या बायकोला धीर दिला. 'असतं नशिबात. माझ्या दिरालाही नेलं होतं,' म्हणाल्या.

आईने विचारलं, 'तू काय केलंस?'

'काही नाही. साक्षीला बोलावलंय.'

'साक्षीला बोलवायला पोलीस कशाला? लग्नाला बोलावतात तेव्हा काय बँडवाला पाठवतात?'

या प्रश्नाचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. कागदावर माझं नाव होतं, बापाचं नाव होतं, एक क्रमांक, एक कलम, तारीख, वेळ सकाळी अकरा आणि गोल शिक्का. तू आरोपी नाहीस, तुला फक्त एक प्रश्न विचारायचाय, हे सांगणारं वाक्य नव्हतं. साक्षीदाराचं समन्स आणि आरोपीचं समन्स यांचे नमुने कायद्यात वेगवेगळे आहेत, हे मला वकिलाने सांगितलं. असतील. आईला दोन्हींत फरक दिसला नाही. मलाही तिसऱ्यांदा वाचल्यावर दिसला, आणि मी व्हाउचरं वाचून जगतो.

कोर्टात तीन तारखांना गेलो. अकरा ते पाच, भिंतीला टेकून. न्यायाधीशांना माझा दोष नाही. त्यांच्या टेबलावरचा गठ्ठा मी पाहिलाय, आमच्या मार्चअखेरीला लाजवील असा होता. साक्षीदाराला खर्च मिळायची तरतूद आहे, ती मागायचं धैर्य माझ्यात नव्हतं. तिसऱ्या तारखेला त्या दोघांनी आपसात मिटवलं आणि एकमेकांना टाळी देऊन चहाला गेले. मला कुणी चहाला बोलावलं नाही. तेवढं एकच बोलावणं त्या प्रकरणात मला खरोखर हवं होतं.

भिंतीला टेकल्या टेकल्या मला आमच्या घरच्या पूजेची आठवण झाली. देवाची षोडशोपचार पूजा असते ना, तिचा पहिला उपचार आवाहन. म्हणजे देवाला समन्स. लगेच दुसरा उपचार काय? आसन! बोलावलंय ना, मग आधी बस. मग पाय धुवायला पाणी, मग अर्घ्य. बोलावणाऱ्यावर जबाबदारी पडते, हे ज्या लोकांनी पूजेच्या क्रमात पक्कं बसवलं त्यांच्या वंशजांनी साक्षीदारासाठी बाक ठेवू नये!

आणि सरकारला गोड बोलता येत नाही अशातला भाग नाही. संसदेचं अधिवेशन असतं तेव्हा राष्ट्रपती दोन्ही सभागृहांना बोलावतात. घटनेच्या ८५ व्या कलमात इंग्रजीत शब्द कोणता आहे? 'समन'. तोच, हाच, आईच्या दारात आलेला. राज्यात राज्यपाल बोलावतात, कलम १७४, तिथेही 'समन'. पण सरकारी मराठीत त्याचं काय होतं ठाऊक आहे? 'अभिनिमंत्रित करणे'! नुसतं निमंत्रित करून भागलं नाही, वर 'अभि' लावला. खासदार-आमदारांना अभिनिमंत्रण आणि चेकच्या मेमोवर सही करणाऱ्याला बजावणं. एकच इंग्रजी क्रियापद, पण मराठीत येताना त्याने माणूस बघून कपडे बदलले. महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, असं अभिमानाने सांगतात. मग हा 'अभि' त्या कोर्टांच्या वाटेवर कुठे गळून पडला? मला 'अभि' नको. 'नि' पण नको. नुसतं 'कृपया या' चालेल.

आता माझं पाप कबूल करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा दुसऱ्यांनाच शिव्या देतोय.

आमच्या एका खातेदार आजोबांच्या नॉमिनेशनच्या फॉर्मवर सही राहिली होती. मी पत्र लिहिलं. म्हणजे लिहिलं नाही, जुनं पत्र काढून नाव बदललं: 'पत्र मिळताच आपण शाखेत समक्ष उपस्थित राहावे. कसूर केल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल.' दोन दिवसांनी आजोबा आले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला काळा कोट घातलेला वकील. आजोबांच्या हातात पिशवी. मागून कळलं की पिशवीत पंचा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि दोन दिवसांचे लाडू होते. कारण 'पुढील कार्यवाही' म्हणजे आत टाकतात, असं त्यांना वाटलं होतं. मी फॉर्म पुढे केला, 'इथे सही करा,' म्हटलं. आजोबांनी सही केली आणि विचारलं, 'एवढंच?' वकिलाने त्या 'एवढंच'चे पाचशे घेतले.

आम्ही हसलो. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत हा किस्सा पुरला. हसायला मी सर्वांत पुढे होतो.

ते हसणं गिळायची वेळ माझ्यावर २०२५ च्या जानेवारीत आली.

दुपारची वेळ. खिडकीशी गुरुजी उभे. मला सातवीत गणित शिकवलेले. वय ऐंशीच्या घरात. म्हणाले, 'सगळ्या फिक्स मोडायच्यात.' त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाईल होता, उभा, कॅमेरा बाहेर डोकावेल असा. मी म्हटलं, 'गुरुजी, सगळ्या? व्याज बुडेल.' ते म्हणाले, 'घरगुती काम आहे,' आणि डोळ्यांनी खिशाकडे बघितलं. ज्या माणसाने आम्हाला चक्रवाढ व्याज छड्या मारून शिकवलं, तो व्याज बुडवायला निघाला होता. पैसे पाठवायचे होते ते खातं परराज्यातल्या कुठल्या कंपनीचं. मी पैसे भरायच्या स्लिपच्या मागे लिहिलं, 'कुणी बोलावलंय का?' आणि काचेखालून सरकवली. त्यांनी थरथरत्या हाताने, पण त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'समन्स आलंय.'

पुढचं थोडक्यात सांगतो. फोन बंद केला, साहेब आले, १९३० वर तक्रार झाली. मोबाईलवर समन्सचं चित्र होतं. वर तीन सिंह, खाली शिक्का. तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, घराबाहेर कुणाशी बोललात तर अटक होईल, पैसे 'तपासणीसाठी' सरकारी खात्यात ठेवा. याला म्हणे डिजिटल अरेस्ट म्हणतात. कायद्यात असं काही नसतं, हे खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. गुरुजींनी ते ऐकलंही होतं. आमच्याकडच्या ठेवी वाचल्या. आदल्या दिवशी दुसऱ्या बँकेतून दोन लाख गेले होते, ते गेलेच.

चहा प्यायल्यावर गुरुजी मला म्हणाले, 'तू म्हणशील, शिकलेला माणूस कसा फसला. पण मला सांग, खरं समन्स कसं असतं ते मला कुणी दाखवलं होतं?'

माझं २०१६ चं मी घरी जपून ठेवलंय. (आईने ते देवघराच्या खणात ठेवलं होतं, म्हणून सापडलं.) दुसऱ्या दिवशी नेऊन त्यांना दाखवलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून गुरुजींनी वह्या तपासाव्यात तशी तपासली. नाव, बापाचं नाव, क्रमांक, कलम, शिक्का. दोन्हींत तेच. शेवटी मान वर करून म्हणाले, 'खोट्याचं शुद्धलेखन बरं आहे रे.' आणि थोड्या वेळाने, 'आणि ते लोक माझ्याशी सहा तास बोलले. धमकी होती, पण काय प्रकरण आहे ते चार वेळा समजावून सांगितलं. तुझ्या या कागदावर काही विचारायचं असेल तर कुणाला विचारायचं?'

कुणालाच नाही, गुरुजी. तो कागद विचारण्यासाठी नसतो.

म्हणून माझं भांडण आहे. लोक या शब्दाला घाबरतात, हे भांडवल त्या चोरांनी उभं केलेलं नाही. ते आम्ही उभं केलंय: कोर्टाने, कचेरीने, आणि 'कसूर केल्यास' लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाने. पिढ्यान् पिढ्या थोडं थोडं जमा केलं, आवर्ती ठेवीसारखं. चोर फक्त मुदत पूर्ण झाल्यावर काढायला आला. आता तर नव्या कायद्याने खरं समन्सही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवता येतं. म्हणजे खरं आणि खोटं एकाच खिशात, एकाच मोबाईलवर वाजणार. तेव्हा तरी कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत एक ओळ छापा: 'तुम्ही आरोपी नाही, साक्षीदार आहात.' आणि खाली एक टेलिफोन नंबर, जो कुणीतरी उचलतो. छपाईचा खर्च फारसा वाढणार नाही. शिक्का थोडा लहान करा, जागा होते.

कोर्टाचं मी काही करू शकत नाही. बँकेचं करून बघितलं. गेल्या महिन्यात त्याच आजोबांना पुन्हा पत्र पाठवायची वेळ आली, हयातीच्या दाखल्यासाठी. मी जुनं पत्र बाजूला ठेवलं आणि नवं लिहिलं: 'काळजीचं कारण नाही. तुमचं पेन्शन चालू राहावं म्हणून एक सही हवी आहे. सवडीने या. येणं जमत नसेल तर फोन करा, मी घरी येतो.' खाली माझं नाव आणि नंबर.

तासाभराने शिपाई टेबलाशी आले, वाकले. 'साहेबांनी जरा आठवण काढलीय.'

साहेबांपुढे पत्र होतं. म्हणाले, 'अहो, हे बँकेचं पत्र वाटत नाही.' त्यांनी लाल पेनाने 'काळजीचं कारण नाही' खोडलं. मी म्हटलं, तेवढं राहू द्या, बाकी सगळं खोडा. साहेबांनी पेन टेकवून विचार केला. 'समक्ष' तरी घाला म्हणाले. घातलं.

तिसऱ्या दिवशी आजोबा आले. एकटे. दाढी वाढलेली, पायांत घरातल्या सपाता, हातात भाजीची पिशवी. खिडकीशी येऊन म्हणाले, 'कुठे करायची रे सही? लवकर सांग, मेथी सुकतेय.'